शेजाऱ्याची दोरी

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरात एकच प्रश्न सुरू होतो. "किती फूट?" कशाचे फूट, हे विचारायचं नसतं. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचं पाणी किती फुटांवर आहे, हाच त्याचा अर्थ. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. भाजीवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना हे आकडे पाठ आहेत. मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पण समासाचे प्रकार काही इतके कुणाला पाठ झाले नाहीत!

परवा सकाळी दूध आणायला खाली उतरले, तर पार्किंगमध्ये दोन तरुण मंडळी भांडत होती. दोघंही नवे भाडेकरू. एकाची स्कूटर दुसऱ्याच्या मोटारसायकलला आडवी लावलेली. मला बघून एक जण म्हणाला, "बाई, आता तुम्हीच सांगा काय ते." मी काय सांगितलं ते शेवटी लिहिते. पण वर आल्यावर चहा घेताना माझंच एक जुनं प्रकरण डोक्यात घोळायला लागलं. ते आजपर्यंत कुठं लिहिलं नव्हतं. लिहायला जरा लाजच वाटत होती, म्हणा ना.

आम्ही शाहूपुरीत राहतो. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली ही व्यापारी पेठ. आमची इमारत जुनी, तीन मजली. खाली पार्किंग. बिल्डरनं ते बांधलं तेव्हा लोकांकडं स्कूटर आणि सायकली होत्या. आता घरटी एक चारचाकी. जागा तेवढीच. त्यामुळं आधी आत शिरलेल्या गाडीला बाहेर पडायला तीन जणांची मदत लागते. माझी जागा, तुझी जागा म्हणावं तर तीही सोय नाही. पार्किंग ही सगळ्यांची सामाईक जागा, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही, असा सुप्रीम कोर्टानं २०१० साली निकालच दिला आहे. ह्यांनी त्या बातमीचं कात्रण जपून ठेवलंय. पण सामाईक म्हणजे सगळ्यांची, आणि सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही, असा आपल्याकडं अर्थ लागतो त्याला काय करायचं?

तर तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. त्यांना आपण 'वरचे साहेब' म्हणू. माणूस तसा वाईट नाही. हसतमुख, गणपतीच्या वर्गणीला हात सैल. पण गाडी लावायची रीत म्हणजे… गेटमधून आत आले की जिथं गाडी थांबेल तिथं चावी काढायची. तिरकी, हँडब्रेक ओढलेला, म्हणजे ढकलायचीही सोय नाही. मग जिना चढताना मोठ्यानं फोनवर बोलायचं आणि घरात गेल्यावर फोन बंद ठेवून झोपायचं. रविवारी सामाईक टाकीच्या पाण्यानं तासभर गाडी धुवायची.

मी काय केलं? शिक्षिकेनं करायचं तेच. जिन्याजवळ आमचा एक फळा आहे, त्यावर मी रोज सुविचार लिहीत असे. मग मी सुविचारातून टोमणे मारायला सुरुवात केली. 'दुसऱ्याची वाट मोकळी ठेवणे ही खरी संस्कृती.' 'पाणी सर्वांचे आहे, घमेंड मात्र एकट्याची असते.' दुसरं वाक्य लिहिल्यावर तर मला फार समाधान वाटलं होतं. एकदा साहेब त्या फळ्यासमोर थांबून पूर्ण वाचून मला म्हणाले, "बाई, अक्षर काय सुंदर हो तुमचं!" आणि मागं त्यांची गाडी गेटात आडवी. :)

तोपर्यंत हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग २०१७ च्या जानेवारीतली ती रात्र आली.

रात्री दोनला ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. घाम फुटला. पहिल्या मजल्यावरचा एक कॉलेजचा मुलगा धावत आला, आमची गाडी चालवायला तयार झाला. ह्यांना धरून खाली आणलं, मागच्या सीटवर बसवलं. आणि गेटात साहेबांची गाडी. तिरकी. फोन बंद. वॉचमन वर गेला, बेल वाजवली, दार ठोठावलं. चावी घेऊन खाली आला, तोवर वीस मिनिटं गेली होती. ती मी ह्यांच्या मनगटावर बोटं ठेवून मोजली. पुढं सगळं ठीक झालं. अँजिओप्लास्टी झाली, आज हे माझ्यासमोर बसून शेंगा खात आहेत. पण त्या दिवसापासून मी वरच्या साहेबांशी बोलणं टाकलं.

भांडले नाही हो. तो माझा स्वभाव नाही. नुसतं बोलणं टाकलं. जिन्यात समोर आले की मी भिंतीकडं बघायची. फळाही पुसून टाकला, परत लिहिला नाही. हे म्हणायचे, "अगं, त्याला काय माहीत होतं?" मी म्हणायची, "माहीत करून घ्यायला काय झालं होतं?" आणि विषय संपायचा.

यात एक गोष्ट आपोआप घडली. साहेबांच्या आई, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या गॅलरीत कुंडीत कढीपत्त्याचं झाड होतं. दर आठवड्याला दोन डहाळ्या घेऊन त्या सावकाश जिना उतरायच्या, आमच्याकडं बसायच्या, अर्धा कप चहा घ्यायच्या. अबोला सुरू झाल्यावर दोन-तीनदा आल्या. मी चहा दिला, पण माझं तोंड बघूनच त्या समजल्या असाव्यात. मग यायच्या बंद झाल्या. कढीपत्ता मी मंडईतून आणायला लागले.

अशी अडीच वर्षं गेली. मग २०१९ चा ऑगस्ट.

त्या पुराबद्दल कोल्हापुरात कुणाला काही सांगायला नको, पण बाहेरगावच्या मंडळींसाठी थोडं लिहिते. पहिल्या आठवड्यात पाऊस थांबेचना. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे एकापाठोपाठ उघडले. नदी फुगली की शहरातलं पाणी जयंती नाल्यातून नदीत जायचं थांबतं आणि उलट नदीच नाल्यातून शहरात शिरते. शाहूपुरी, नागाळा पार्क, रमणमळा, दुधाळी, सगळीकडं पाणी. आमच्या कुंभार गल्लीत गणपती जवळ आलेले. अर्धवट रंगवलेल्या मूर्ती पोरं डोक्यावर घेऊन धावत होती. राजाराम बंधाऱ्याला ५५ फुटांच्या वर पाणी गेलं. पुण्याकडं जाणारा हमरस्ता शिरोलीपाशी पाण्याखाली, त्यामुळं शहरात ना भाजी ना पेट्रोल. वीज गेली. आणि सगळीकडं पाणीच पाणी असताना नळाला पाणी नाही, कारण उपसा केंद्रंच बुडालेली!

इमारतीतली बरीच मंडळी पहिल्याच दिवशी नातेवाइकांकडं गेली. हे म्हणाले, "२००५ ला पाणी गेटपर्यंत येऊन परत गेलं. काही होत नाही." नवऱ्याचं ऐकलं की असं होतं. :) दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी होतं. वरचे साहेब बायको-मुलांना घेऊन एका लग्नाला पुण्याकडं गेले होते, ते तिकडंच अडकले, एवढं वॉचमननं जाण्याआधी सांगितलं होतं. गाडी मात्र इथंच होती. तिरकी. पाण्यावर तिचं फक्त टप दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी होडी आली. शहरात एनडीआरएफची, नौदलाची माणसं आली होती, आपल्या व्हाईट आर्मीची पोरं रात्रंदिवस फिरत होती. पण आमच्या गल्लीत आली ती एक साधी लाकडी होडी. नदीकाठच्या कुठल्याशा गावातून ट्रॅक्टरवर घालून आणलेली. नावाडी साठीचे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले. सगळे त्यांना मामा म्हणत होते. गेटातून आत शिरताना होडी गाडीच्या टपाला घासली. मामा काठीनं चाचपून म्हणाले, "ही म्हस कुणाची आडवी बसलीया?"

इतक्या काळजीतही मला हसू फुटलं. अडीच वर्षं जे फळ्यावर लिहायला जमलं नव्हतं, ते मामांनी एका वाक्यात सांगितलं.

मागून एक रबरी बोट आली. त्यातल्या उत्साही पोरांनी ती गेटाच्या खांबाला आखडून बांधली आणि शेजारच्या इमारतीत उड्या मारल्या. मामांनी आपली होडी सोडली, तिकडं नेली, त्यांची दोरी सोडून लांब केली, बोट कडेला सरकवली आणि मगच परत आले. मी जिन्यावरून बघत होते. ह्यांना होडीत बसवताना मामांनी मला विचारलं,

"वर कोन हाय का अजून?"

मी म्हटलं, "तिसऱ्या मजल्यावर… नाही, कुलूप असेल."

"असंल म्हंजी? बघितलासा का?"

बघितलं नव्हतं. घरचे सगळे लग्नाला गेले, तर काकूही गेल्या असतील असं मी मनाशी धरून चालले होते. खरं सांगायचं तर धरूनही चालले नव्हते. मी त्या मजल्याचा विचारच केला नव्हता. अडीच वर्षांत तशी सवयच लागली होती.

मी वर गेले. जिन्यात अंधार, गुडघे दुखताहेत. दार वाजवलं. बऱ्याच वेळानं आतून कडी निघाली. दारात काकू. अंगावर शाल, हातात विझत आलेली मेणबत्ती. त्यांच्याकडं राहायला असणारी मुलगी पहिल्या दिवशी घरी जाऊन येते म्हणाली, ती पाण्यामुळं परत येऊच शकली नाही. मोबाइलची बॅटरी संपलेली. घरात अर्धी कळशी पाणी आणि बिस्किटाचा पुडा. दोन रात्री त्या एकट्या होत्या, माझ्या डोक्यावर दोन मजले.

मी म्हटलं, "काकू, हाक का मारली नाही?"

त्या म्हणाल्या, "खालपर्यंत आले होते गं एकदा. तुझ्या दारापर्यंत. पण तुमचं आणि त्याचं बोलणं नाही ना… म्हटलं, तुला आवडेल न आवडेल."

मला काही बोलताच येईना. मी त्यांच्या औषधांची पिशवी शोधली, साडी घेतली, हाताला धरून खाली आणलं. साहेबांची वीस मिनिटं मी अडीच वर्षं जपून ठेवली होती. माझे दोन दिवस कुणाच्या हिशेबात धरायचे?

होडी गल्लीतून निघाली. दोन्ही बाजूंना ओळखीची दुकानं, पण पाट्यांच्या उंचीवरून बघताना सगळं परकं वाटत होतं. गप्प बसवेना म्हणून मी मामांना विचारलं, त्या पोरांची दोरी कशाला सोडली? मामा वल्हवता वल्हवता सांगायला लागले. ते मला जसं आठवतंय तसं लिहिते.

"नदी चढाय लागली की दोरी लांब सोडायची असती, बाई. आखडून बांधली की पानी चढतंय आन नाव तितंच ऱ्हातीया. मग एका अंगाला कलंडून बुडतीया. आन दारात बांधायची न्हाई. मागनं येनाऱ्याला वाट ठेवायची. एकाला एक लावून नावा बांधल्या तर दुसऱ्याच्या नावंवरनं जाताना मधनं जायाचं न्हाई, टोकावरनं जायाचं. मधी त्येचा संसार असतोय."

मी म्हटलं, "पण ती बोट तर तुमची नव्हती."

"नसंना का. राती घाटावर आपली दोरी बघायला गेलं की शेजाऱ्याची बी बघायची. त्येची सुटली तर आपल्यावरच येनार की!"

लहानपणी ते काहिलीतून नदी पार करायचे म्हणे. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी कढई. आपल्या भागात पुराच्या वेळी तीच नाव होते. काहिलीत एकानं बसायची जागा बदलली तरी सगळ्यांना आपली बदलावी लागते, नाहीतर सगळे पाण्यात. "काहिलीत भांडन करता येत न्हाई," मामा म्हणाले. काकू पहिल्यांदाच हसल्या.

राजारामपुरी उंचावर आहे. तिथं माझ्या बहिणीकडं आम्ही तिघंही उतरलो. काकू आमच्याबरोबर सहा दिवस होत्या. पहिल्याच संध्याकाळी बहिणीच्या फोनवरून साहेबांना फोन लावला. त्यांनी दोन दिवस कुठंकुठं फोन केले होते, कंट्रोल रूमपासून आमच्या वॉचमनपर्यंत. माझा नंबर मात्र त्यांच्याकडं नव्हता. मी म्हटलं, "काकू इथं आहेत. जेवल्या. पिठलं-भात." पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग "बाई…" एवढंच. मीही जास्त बोलले नाही. काकूंना फोन दिला.

पाणी उतरल्यावर चिखल काढायला सगळे परत जमलो. साहेबांच्या गाडीत गाळ भरला होता, दार उघडल्यावर आतून वाळकी पानं आणि चप्पल निघाली. कुणाची, कोण जाणे. दुपारी पायरीवर बसून चहा घेताना मी त्यांना २०१७ ची ती रात्र सांगितली. घड्याळ लावल्यासारखी, सगळी वीस मिनिटं.

ते माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "बाई, मला माहीतच नाही हे. वॉचमन म्हणाला, गाडी अडकलीय, चावी द्या. मी झोपेत दारातून चावी दिली. मला वाटलं, तुम्ही पहाटेच्या गाडीनं गावाला निघाला असाल. सरांना ॲटॅक आला होता, हे मला चार दिवसांनी कळलं. त्याच रात्री आला होता हे आज कळतंय. मी भेटायला येणार होतो, पण तुम्ही बोलायचंच बंद केलं होतं."

म्हणजे बघा. फळ्यावर मी शंभर सुविचार लिहिले असतील. पण 'तुमच्या गाडीमुळं आम्हाला उशीर झाला' हे साधं कर्ता-कर्म-क्रियापदाचं वाक्य मी एकदाही म्हटलं नव्हतं. त्यांची चूक होतीच. तिरकी गाडी ही तिरकीच. पण ज्याला सांगितलंच नाही त्याला मी शिक्षा देत बसले, आणि ती शिक्षा भोगली तिसऱ्याच माणसानं.

पुढं माझ्या भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो सिएटलला असतो. तिथं तळ्याच्या काठी शेकडो होड्या दाटीवाटीनं बांधलेल्या असतात, काही माणसं तर तिथंच राहतात. तो म्हणाला, "मावशी, इथंही अगदी हेच चालतं." काठाजवळ होडी हळू चालवायची, नाहीतर तुमच्या लाटेनं दुसऱ्याच्या टेबलावरची कपबशी पडते. डोलकाठीच्या दोऱ्या घट्ट आवळून ठेवायच्या, नाहीतर वाऱ्यानं रात्रभर खणखणतात आणि शेजारी जागे राहतात. दुसऱ्याच्या होडीवरून जायचं तर पुढच्या टोकावरून, मधून नाही. मी म्हटलं, "हे आमच्या मामांनी आधीच सांगितलंय."

पुरानंतर आम्ही इमारतीत काही गोष्टी ठरवल्या. रीतसर ठराव वगैरे नाही, पार्किंगमध्ये उभ्याउभ्या. रात्री शेवटी गाडी लावेल त्यानं चावी वॉचमनच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवायची. सगळ्यांचे नंबर फळ्यावर, खडूनं नव्हे, रंगानं. नदी ३९ फुटांवर गेली की घरात कोण एकटं आहे ते विचारायचं, प्रत्येक दारावर जाऊन. ४३ ची वाट न बघता गाड्या राजारामपुरीच्या चढावर.

जुलै २०२१ मध्ये त्याहून मोठा पूर आला, ५६ फुटांच्या वर. आमच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं तेव्हा एकही गाडी नव्हती आणि वर एकही माणूस नव्हतं. सगळी दारं मीच वाजवली होती, तिसऱ्या मजल्यावरचं सुद्धा. तोपर्यंत काकू मात्र नव्हत्या. आदल्या वर्षी झोपेतच गेल्या. त्यांच्या झाडाचं एक रोप आता माझ्या गॅलरीत आहे.

वरचे साहेब सुधारले का? तुम्ही विचारणार म्हणून सांगते, नाही! नवी गाडी आली, तीही तिरकीच. सवय ती सवय. फरक एवढाच, की आता मी गॅलरीतून ओरडते, "अहो, म्हस सरळ करा!" आणि ते हसत खाली येतात, सरळ करतात. कधीकधी पंधरा दिवस सलग सरळ लावतात. मग परत एकदा ओरडावं लागतं. मला वाटतं, शेजारधर्म असाच पार पाडावा लागतो, थोडा थोडा, पुन्हा पुन्हा.

परवाच्या त्या भांडणाऱ्या मुलांना मी एवढंच म्हटलं, "आधी एकमेकांचे नंबर घ्या. मग भांडा." दोघांना एकमेकांचं नावही माहीत नव्हतं. आता त्यांचे नंबर फळ्यावर रंगवायचे आहेत. ह्यांनी ब्रश शोधून ठेवलाय, पण डबीतला रंग वाळलाय म्हणे. असो.